राजवाडे नुसते ‘कागद जमवणारे’ होते म्हणे!

धुळे-जळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: इतिहासाचार्य वि. का. राजवाडे म्हणजे कागद जमवणारे सनातनी गृहस्थ; त्यांनी लढायांच्या सनावळ्या छापल्या, धर्माची री ओढली, आणि धुळ्याशी त्यांचा संबंध काय, तर ते इथे वारले.

सनावळ्यांचं आधी बघू. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड. पहिला १८९८चा, त्यात १७५० ते १७६१ची पत्रं. पानिपताआधी सदाशिवरावभाऊ पेशव्यांचे बुंदेलखंडातले कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना पुन्हापुन्हा लिहितात: पैसा पाठवा, अब्दालीची रसद तोडा. पैसा पुरेसा येत नाही, रसदही तुटत नाही. लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली, पण ती आधीचे कित्येक महिने कशी हातची जात होती, हे राजवाडे या पत्रांतून लावतात आणि प्रस्तावनेत गोविंदपंतांवर ठपका ठेवतात. हा निकाल पुढच्या अभ्यासकांना पटला नाही, तो भाग वेगळा. नुसती जंत्री करणारा माणूस कुणावर ठपका ठेवायच्या भानगडीत पडत नाही. बखरींतल्या ऐकीव गोष्टींपेक्षा त्या काळचा अस्सल कागद मोठा, हा आग्रहही त्यांचाच.

‘सनातनी’ यात अर्धं तथ्य आहे. त्यांच्या लिखाणात जातीचा अभिमान ठायीठायी दिसतो, तो झाकायचं कारण नाही. पण ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहिणारेही तेच. त्यात महाभारतातला श्वेतकेतू येतो. त्याच्या देखत एक परका ब्राह्मण त्याच्या आईचा हात धरून तिला घेऊन जातो. पोरगा संतापतो, तर बाप उद्दालक सांगतो, रागावू नकोस, हा पुरातन धर्मच आहे. अशा कथांवरून राजवाडे म्हणतात की लग्न ही गोष्ट अनादी नाही, ती हळूहळू घडत गेली. हे लेख मासिकात आले तेव्हाही ओरड झालीच होती. आज ग्रुपवर टाकून बघा, ॲडमिन पाच मिनिटांत बाहेर काढेल.

राहिलं धुळं. जन्म कोकणातल्या वरसईचा, मृत्यू इथला, ३१ डिसेंबर १९२६. पण अखेरच्या काळात कामही इथेच चाललं होतं. त्यांच्यामागे १९२७ साली इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांचे कागद त्याने सांभाळले, त्यांचा धातुकोश, म्हणजे क्रियापदांच्या मूळ धातूंचा कोश, छापला.

पोस्ट लिहिणाऱ्याला त्या जुन्या कागदांची मोडी लिपी येत नसेल, तर पहिल्या खंडाची प्रस्तावना देवनागरीतच छापलेली आहे.