डॅन्यूब सायकल मार्ग आणि सिंगल एन्ट्री व्हिसा : खुलासा

‘रुमानिया आणि बल्गेरिया शेंगेनमध्ये आले, आता सिंगल एन्ट्री व्हिसावर जर्मनीपासून काळ्या समुद्रापर्यंत डॅन्यूबकाठाने सायकल चालवा’ असा मेसेज फिरतो आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे : १ जानेवारी २०२५ पासून हे दोन्ही देश पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. दुसरा भाग मात्र भारतीय पासपोर्टधारकांना अडचणीत आणेल.

डॅन्यूबकाठचा हा सायकल मार्ग, म्हणजे युरोव्हेलो ६, क्रोएशियानंतर सर्बियातून जातो. नोवी साद, बेलग्रेड, गोलुबाच हे सगळे टप्पे तिथलेच, आणि सर्बिया शेंगेनमध्ये नाही. वैध शेंगेन व्हिसावर सर्बियात शिरता येतं, म्हणूनच हा गैरसमज पसरतो. पण सिंगल एन्ट्रीवर शेंगेनमध्ये एकदाच शिरता येतं. क्रोएशियातल्या इलोकचा पूल ओलांडून सर्बियातल्या बाच्का पालांकाला गेलात की तुमची एकमेव एन्ट्री संपली. पुढे बल्गेरियातल्या विदिनकडे जाताना सीमेवर प्रवेश नाकारला जाईल. मग परतीचं तिकीट बुखारेस्टचं आणि तुम्ही सायकलसह सर्बियात!

त्यामुळे अर्जातच मल्टिपल एन्ट्री मागा आणि प्रवासाच्या आराखड्यात सर्बियाचे मुक्काम तारखांसह दाखवा. व्हिसा हातात आला की स्टिकरवर एन्ट्रीची संख्या तपासा. सिंगलच मिळाला तर क्रोएशियातल्या वुकोवारला किंवा त्याआधी बुडापेस्टला थांबा. तेवढाही मार्ग सुंदर आहे. विम्यात सर्बिया वेगळा नमूद आहे ना, तेही पाहा. तिथे तंबूत राहणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. हॉटेलवाले ती स्वतः करतात.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर तो गेला असेल तिथे हा खुलासा टाका.