'बायकापोरांची बंदूक' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. मागच्या महिन्यात मी घरात ठेवायला 12 बोअरची बंदूक बरी की 20 बोअरची, आणि पूर्वी शिकारीला लोक काय वापरत, असं थोडं लिहिलं होतं. त्याच्याखाली परवा रात्री पावणेबाराला एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, फोटोच्या जागी वाघ. सगळी इथं टाकतो म्हणजे कुणी म्हणायला नको की मी सोयीचं तेवढंच उचललं:

"वीस बोअर ही बायकापोरांची बंदूक. घर राखायचं असेल तर बारा, नाहीतर काठी बरी. शिकार 1972 च्या कायद्यानं बंद आहे तरी तुम्ही शिकारीवर लिहिताय. वीसची काडतुसं बेळगावात मिळतात कुठं ते पण सांगा. 410 बोअर असं काही नसतं. लिहिण्याआधी एकदा बंदूक हातात धरून बघा."

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो, मी काही हटवादी माणूस नाही. 410 चं तुमचं खरं आहे. बोअरचा आकडा म्हणजे एक पौंड शिसं घेऊन त्याच्या त्या नळीत बरोबर बसतील अशा सारख्या किती गोळ्या होतात तो आकडा. बारा झाल्या तर 12 बोअर, नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची. वीस झाल्या तर 20 बोअर, नळी 15.6 ची. म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. 410 मात्र सरळ इंचातलं माप आहे, 0.410 इंच, बोअरमध्ये मोजलं तर 67 च्या आसपास येईल. मी घाईत 410 बोअर लिहिलं, चुकलं, दुरुस्त केलंय. इतकं बारीक बघणाऱ्या माणसानं पहिल्याच वाक्यात 'बायकापोरांची' असं लिहावं याचं मात्र मला नवल वाटलं.

आता त्या वाक्याबद्दलच बोलूया.

आमचं घर खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या अलीकडं, रानाला लागून. आज्जा मराठा लाईट इन्फंट्रीत होता, निवृत्त झाल्यावर परवाना काढून एक 12 ची दुनळी घेतली, आणि नंतर कुणाकडून तरी जुनी विलायती एकनळी 20 मिळाली ती पण परवान्यावर चढवून घेतली. माझे वडील मी नववीत असताना गेले. पुढची अकरा वर्षं शेत, घर, म्हातारा सासरा आणि त्या दोन बंदुका हे सगळं माझ्या आईनं बघितलं. तेव्हा 'बायकापोरांची' म्हणताना तुम्ही नक्की कुणाला म्हणालाय ते जरा जपून. आमच्या घरात बायका आणि पोरंच होती साहेब, दुसरं कोण होतं?

आईला आज्जानं पहिल्यांदा बाराच दिली होती. शिकव म्हणाली तर रिटायर्ड हवालदार दुसरं काय देणार. खळ्याच्या पलीकडं बांधाला एक फुटका डबा ठेवला आणि काढ बार म्हणाला. बंदुकीचा दस्ता माणसाच्या मापाचा, आईची उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळं तो खांद्याच्या खोबणीत बसायच्या ऐवजी दंडावर आला. बार झाला, डबा तसाच जागेवर, आणि आईचा दंड संध्याकाळपर्यंत जांभळाच्या रंगाचा. आज्जी रात्री हळद आणि मीठ गरम करून लावत होती आणि आज्जाला ऐकू जाईल असं बोलत होती. पण दंडाचं काय, तो आठवड्यात बरा झाला. खरी गोम पुढं आहे. त्यानंतर आई बारा हातात घेतली की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची. प्रत्येक वेळी. आज्जानं एकदा तिला न सांगता रिकामी बंदूक दिली, तरी डोळे मिटले आणि नळी वीतभर खाली गेली. ज्यानं कुणाला बंदूक शिकवलीय त्याला हे माहीत असतं, की एकदा ही सवय लागली की मग ती बंदूक 12 असो नाहीतर तोफ, लागायचं काही नाही.

मग वीस दिली. दस्ता सुताराकडनं दीड इंच कापून घेतला. वजनाला हलकी, आणि काडतुसात शिसं कमी, 12 च्या नेहमीच्या काडतुसात 32 ग्रॅमच्या आसपास असतं तर 20 च्यात 25 च्या. छऱ्यांचा वेग जवळपास तोच असतो हे लक्षात घ्या, कमी असतात ते छर्रे, एकेका छऱ्याचा जोर नाही. तुम्ही लगेच म्हणाल की बंदूक हलकी झाली की धक्का उलट जास्त लागतो. लागतो की, पण शिसं पण कमी झालंय ना, आणि मापात बसलेला दस्ता बराच धक्का खातो. चौथ्या बाराला डबा उडाला. डोळे उघडे होते.

घराच्या आत 12 ची गरज काय हे तुम्ही सांगितलंच नाही, नुसतं 'नाहीतर काठी बरी'. आमचा पुढचा सोपा ते मागचं दार सगळं मिळून सहा मीटर. तेवढ्यात छर्रे पसरतात किती? तळहाताएवढे, फार तर थोडे जास्त. बारानं नेम न धरता नुसतं त्या बाजूला उडवलं तरी चालतं असं गावागावात सांगतात, ते एकदा पुठ्ठा लावून मोजून बघा. चार मीटरवर 12 चुकली तर चुकलीच, आणि 20 लागली तर समोरच्याला ती वीस होती का बारा हे विचारायला सवड नसते. आणि चुकलेले छर्रे जातात कुठं याचा विचार तुमच्या वाघानं केलाय का? आमच्याकडं घरं एकाला एक चिकटून, मागच्या दाराची फळी फणसाची असली तरी फळीच, आणि पलीकडं शेजाऱ्यांचा गोठा.

गोठ्याचं उगीच काढलं नाही. एका पावसाळ्यात, लाईट नव्हती, रात्री दीड-दोनला मागचं दार कुणीतरी ढकलायला लागलं. एकदा, दोनदा, मग सगळं अंग टाकून. त्या वर्षी आजूबाजूला दोन घरं फुटली होती त्यामुळं सगळे घाबरलेलेच. आई वीस घेऊन सोप्यात उभी राहिली, काडतूस भरलं, मी मागं बॅटरी धरून. दोनदा विचारलं कोण आहे, उत्तर नाही, नुसता श्वास ऐकू येतोय. मी म्हणालो काढ बार. ती म्हणाली गप, आधी उजेड टाक. खिडकीतनं उजेड टाकला तर शेजाऱ्यांची म्हैस, दावं तोडून आलेली, आमच्या दाराला खांदा घासत उभी. आता हसा. आम्ही पण हसलो, पण सकाळी. शेजारच्या काकू त्याच म्हशीला शोधत त्याच वेळी कंदील घेऊन गोठ्याच्या तोंडाशी आल्या होत्या, दारापासून दहा पावलांवर, हे कळल्यावर आई चुलीपुढं बराच वेळ नुसती बसून होती. हातातल्या बंदुकीची जिला भीती नाही तीच बाई असं थांबू शकते. दंड जांभळा झालेली, डोळे मिटणारी बाई त्या दारात बारा घेऊन उभी असती तर काय झालं असतं ते मला लिहायचं नाही.

'बंदूक हातात धरून बघा' म्हणताय. धरलीय. आणि धरताना होणारी चूक पण बघितलीय, ती तुमच्या माहितीसाठी सांगतो कारण तुम्हाला ती माहीत असेल असं वाटत नाही. 20 चं काडतूस 12 च्या नळीत घातलं तर ते बाहेर पडत नाही, आत घसरतं आणि पुढं जाऊन अडकतं. मागनं बघितलं तर काडतुसाचं घर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं भरलंच नाही, म्हणून तो वरनं 12 चं घालतो, चाप ओढतो आणि नळी हातात फुटते. आजकाल 20 ची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. आज्जाच्या डब्यात जुनी कागदी होती, आमच्या पावसात फुगलेली, रंग उडालेला, वीस कुठलं आणि बारा कुठलं बोटानं चाचपून कळायचं. माझ्या चुलतभावानं बरोबर हेच केलं होतं, सुगीच्या दिवसात, माळ्यावर, अंधारात. दुसरं काडतूस घालणार तेवढ्यात आज्जानं बंदूक मोडून, म्हणजे मधनं उघडून, चंद्राकडं धरली, नळीतनं पलीकडचं काही दिसेना. पुढं काय झालं ते चुलतभावाच्या गालाला विचारा. त्या दिवसापासून बाराची काडतुसं वरच्या फडताळात आणि वीसची आईच्या ट्रंकेत, एका खोलीत दोन्ही कधी नाहीत. तेव्हा हातात धरायचं मला शिकवू नका.

राहिलेलं थोडक्यात, कारण त्यात फार दम नाही. शिकार बंद आहे हे मला सांगायची गरज नव्हती, मी भीमगड अभयारण्याच्या कडेला राहतो. रताळी आणि भात डुकरं एका रात्रीत नांगरून जातात तरी वनखात्याच्या लेखी हुकुमाशिवाय त्यांना मारता येत नाही, म्हणून हवेत बार काढायचा आणि डबे वाजवायचे, एवढंच करतो. मी लिहिलं होतं ते आज्जाच्या तरुणपणातलं, 'पूर्वी' हा शब्द तिथं होता, चष्मा लावून वाचा. आणि शस्त्र कायदा 1959 च्या 13 व्या कलमात संरक्षणासाठी 20 इंचांपेक्षा कमी लांबीची नाही अशा, आतनं गुळगुळीत नळीची बंदूक म्हटलंय, पिकाच्या राखणीला ठासणीची म्हटलंय, 'बाराच' असं तिथं कुठं नाही. बाप्यांची आणि बायकांची असं तर नाहीच.

काडतुसांचं विचारलंत. हा काही वादाचा मुद्दा नाही, ही दुकानदारीची गोष्ट आहे. बाराची कुठंही मिळतात, आपल्याच देशात खडकीच्या कारखान्यात होतात, वीसची जरा आधी सांगून ठेवावी लागतात एवढंच. 2023 च्या विधानसभेला दोन्ही बंदुका पोलीस स्टेशनात जमा केल्या होत्या तेव्हाच मी बेळगावात एका दुकानात सांगून आलो होतो, दुकानदार म्हणाला, "आलं की फोन करतो की हो." 2024 च्या लोकसभेला परत जमा केल्या, परत सोडवून आणल्या, तेव्हा पण हेच म्हणाला. फोन करेल. माणूस चांगला आहे.

तोवर आईच्या ट्रंकेत सात आहेत. काल मोजली. त्यातलं एक जरा फुगल्यासारखं वाटतंय, ते बाजूला काढलंय.