कुंडात बुडून खरूज जाईल?

पाऊस लागला की हा मेसेज कोकणातल्या ग्रुपांवर पुन्हा फिरायला लागतो : "खरूज रक्तातल्या उष्णतेने होते. मासे बंद करा, उन्हवऱ्याच्या गंधकाच्या कुंडात तीन दिवस अंघोळ करा. डॉक्टरांचं मलम वाया, खाज परत येतेच."

रक्ताचा इथे काही संबंध नाही. खरूज करतो तो जेमतेम 0.4 मिलिमीटरचा किडा. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ पाडते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. बोटांच्या बेचक्यात निरखून बघा, करडी नागमोडी रेघ दिसली तर ते तिचं बीळ. बांगडा खा नाहीतर सोडा, तिला फरक पडत नाही.

गंधकाचं मात्र अगदीच खोटं नाही, म्हणून तर लोकांना पटतं. पाच ते दहा टक्के गंधकाचं मलम खरजेवर चालतं. तान्ह्या बाळांना, गरोदर बायकांना डॉक्टर आजही देतात. पण ते ओळीने तीन रात्री अंगावर राहावं लागतं. कुंडातलं पाणी पंचाने पुसलं की संपलं.

राहिलं डॉक्टरांचं मलम. ते वाया जातं, कारण खाजतं तिथेच चोळलं जातं. पाच टक्क्यांचं परमेथ्रिन, म्हणजे किडे मारणारं मलम, मानेपासून तळपायापर्यंत लागतं, नखांखाली आणि बेंबीतही. रात्री लावून आठ ते चौदा तासांनी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम, म्हणजे बहुधा अख्खी ट्यूब! आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसली तरी. कारण पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायलाच चार-सहा आठवडे जातात. होडीवर खलाशी एकाला एक लागून झोपतात, गणपतीत चाकरमानी आले की माजघरभर अंथरुणं पडतात. त्यातल्या एकानेच मलम लावून काय होणार?

किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. नेमकं याच काळात लोक मेडिकलमधून स्टेरॉइडची 'मिक्स' ट्यूब आणतात. तिने खाज दबते, पण किडे असले तर ते तसेच राहतात. महिन्यानंतरही नवे फोड येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजन बघून तेच देतील.

कपडे-चादरी कढत पाण्यात धुवा. पावसात वाळत नाही ती गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर माळ्यावर टाका. अंगाबाहेर किडा सहसा दोन-तीन दिवसच जगतो.