डोनसाकला पोचलात म्हणून सुटलात?

थायलंडच्या सामुई बेटावर जायचं म्हटलं की दरवेळी हीच कटकट. बँकॉकहून रात्रभर रेल्वेने या, झोपेतच 'सुरत थानी' स्टेशनात उतरा, आणि बघा तर स्टेशन सुरत थानी शहरात नाहीच, शेजारच्या फुनफिनमध्ये! बेटावर नेणारी फेरी बोट तर आणखी लांब, पार पूर्वेला किनाऱ्यावरच्या डोनसाकहून सुटणार. मग छातीवर रंगीत स्टिकर चिकटवून कुरियरच्या पार्सलासारखं आपल्याला बसमध्ये कोंबतात.

बरं, डोनसाकमध्ये धक्का एकच असेल तर शपथ! फेरी कंपन्या वेगळ्या, त्यांचे धक्के वेगळे, तेही एकमेकांपासून लांब. नुसतं 'डोनसाक पिअर' म्हटलं की ड्रायव्हर मान डोलावतो आणि त्याच्या मनातल्या धक्क्यावर सोडतो. आपली बोट भलतीकडून निघालेली. इथल्या समुद्रात गुलाबी डॉल्फिन दिसतात म्हणे. बॅगा ओढत पळणाऱ्याने ते कधी बघायचे?

समुद्रातला प्रवास जेमतेम दीड तासाचा, पण त्यापायी अख्खी सकाळ मातीत. नोव्हेंबरात समुद्र खवळला की तोही रामभरोसे. आणि तिकीट विकणारा? हसत हसत सांगणार, 'एकदम सोप्पं आहे!'