साहेब, वाय दाबू का?

सीएच्या ऑफिसातला सर्व्हर वर्षात कधीही बिघडू शकतो, पण बिघडतो तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. रिटर्न भरायची तारीख ३१ जुलै. ती वाढणारच अशी सगळ्या भारतवर्षाची श्रद्धा असते. ती वाढल्याची बातमी यायच्या आधीचे जे चार-दोन जीवघेणे दिवस असतात, त्यात मला फोन येतो. "अहो, फाईल उघडतेय, पण सेव्ह होत नाहीये. येऊन जाता का?"

पेठेतल्या या ऑफिसचा सर्व्हर संडासाशेजारच्या लाकडी कपाटात राहतो. वर लाल फडक्यात बांधलेले जुन्या ऑडिटचे गठ्ठे, खाली फिनेलची बाटली, मध्ये सर्व्हर. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, लिनक्सवर सगळ्या अशिलांचा टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा, आणि ऑफिसातल्या एकाही माणसाला लिनक्सशी देणंघेणं नाही. अशी आदर्श परिस्थिती कित्येक वर्षं टिकून होती. त्या दिवशी पावसात लाईट गेली. ६०० व्हीएच्या यूपीएसवर सर्व्हर निवांत तग धरून राहिला असता, पण यूपीएसच्या दुसऱ्या प्लगमध्ये कोणीतरी १५०० वॅटची किटली लावली. यूपीएसने एक लांब किंकाळी फोडली आणि मान टाकली. किटली कोणाची हे मी विचारलं नाही. तिच्या तळाशी नूडल्सचं एक वेटोळं चिकटलेलं होतं आणि सगळे आर्टिकल, म्हणजे सीए व्हायला निघालेली उमेदवार मंडळी, कधी नव्हे ते, माना खाली घालून व्हाउचरं लावत होते.

लाईट आल्यावर सर्व्हर उठला, फाईली दाखवू लागला, पण लिहून घेईना. लिनक्सला फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाईली लावून ठेवायच्या व्यवस्थेत, गडबड दिसली की, तशी सूचना दिलेली असेल तर, तो लिहिणं बंद करून टाकतो. 'बघायचं ते बघा, नवीन काही देऊ नका.' शहाणपणाची गोष्ट आहे. पण ऑफिसातल्या मंडळींनी जगातला एकमेव माहीत असलेला उपाय केला, म्हणजे बंद करून चालू केला. मग पुन्हा केला. मी पोचलो तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून आलं होतं की अनपेक्षित विसंगती सापडली आहे, एफएसचेक, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, हाताने चालवा.

"काय म्हणतंय?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"हिशेब जुळत नाही म्हणतंय."

हे बोलायला नको होतं असं आता वाटतं, कारण त्या क्षणी साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. साठीचे गृहस्थ, खिशाला हिरव्या शाईचं पेन, हिशेब जुळत नाही म्हटल्यावर उठून जाणं त्यांच्या रक्तातच नाही.

"पण अचानक लाईट गेली तर काही होत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात."

म्हणालो होतो, आणि खरंच होतं ते. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम काही बदलायचं असलं की आधी जर्नलमध्ये टिपून ठेवते, मग मूळ जागी लिहिते. मध्येच वीज गेली तर उठल्यावर जर्नल वाचून अर्धवट राहिलेलं पुरं करते. तिच्या आधीच्या ईएक्सटी३ बरोबर ही सोय २००१ साली लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली. त्याआधी १९९३ च्या ईएक्सटी२ वर वीज गेली की सगळी डिस्क पहिल्यापासून तपासत बसावं लागायचं. जर्नल हा शब्द ऐकून साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे आधी जर्नल एन्ट्री, मग लेजर पोस्टिंग. बरोबर आहे." मग क्षणभराने, "मग चुकलं कुठे?"

चुकलं डिस्कमध्ये. ती म्हातारी झाली होती, तिचे काही सेक्टर वाचलेच जात नव्हते, आणि त्यातले काही नेमके महत्त्वाच्या जागी होते. जर्नल कितीही चोख असलं तरी वहीचं पानच कुरतडलेलं असेल तर काय वाचणार?

अशा वेळी पहिलं काम म्हणजे दुरुस्ती न करणं. मरू घातलेल्या डिस्कवर एफएसचेक चालवला तर तो तिच्यावर लिहीत सुटतो, आणि जे वाचण्यासारखं होतं तेही जातं. म्हणून आधी नवी डिस्क आणून जुनीची जशीच्या तशी प्रत काढायची. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तो सरळ वाचता येतं ते सगळं आधी उचलतो, अडलेल्या जागा सोडून देतो आणि सरतेशेवटी त्यांच्याकडे परत येऊन हुज्जत घालतो. १ टीबीची डिस्क धडधाकट असली तरी दोन-तीन तास जातात. आजारी असली तर विचारू नका. या सगळ्या वेळात पडद्यावर काही आकडे हळूहळू बदलत असतात आणि तंत्रज्ञ नुसता बसलेला दिसतो. मला माझ्या धंद्यातला हाच भाग सगळ्यात अवघड वाटतो. काम चालू असताना आपण कामात आहोत असं दिसणं. मी अधूनमधून गंभीर चेहऱ्याने केबल चाचपत होतो.

"बॅकअप असेल ना?" मी विचारलं.

"म्हणजे काय! रोज घेतो," एक आर्टिकल अभिमानाने म्हणाली आणि तिने तो दाखवला. त्याच सर्व्हरवर, त्याच डिस्कवर, 'बॅकअप' नावाचा फोल्डर.

प्रत तयार झाल्यावर खरा सोहळा सुरू झाला. एफएसचेकने पहिल्याच पायरीवर सांगितलं की सुपरब्लॉक ओळखू येत नाही. सुपरब्लॉक म्हणजे सगळ्या फाइल सिस्टिमची जन्मपत्रिका. ती गेली तर पुढचं काही कळत नाही. पण करणाऱ्यांनी तिच्या प्रती ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. डिस्कचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, ४ केबीचे असतील तर पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर, मग ९८३०४, मग १६३८४०. या जागा विचारायची एक आज्ञा आहे, एमके-ई-टू-एफएस, पुढे 'एन' लावून. 'एन' लावला तर ती नुसत्या जागा सांगते, विसरलात तर सगळी डिस्क नव्याने कोरी करून देते. असली आज्ञा लिहिणाऱ्या माणसाला आयुष्यात कधी घाईची लघुशंका लागलीच नसावी.

"दुय्यम प्रत म्हणता, ती साक्षांकित आहे का?" साहेब.

"चालवून बघू."

चाललं. आणि मग प्रश्न सुरू झाले.

ज्यांनी एफएसचेक पाहिलेला नाही त्यांना सांगतो. तो पाच फेऱ्यांत तपासतो आणि प्रत्येक चुकीपाशी थांबून विचारतो, दुरुस्त करू का? पुढे कंसात 'वाय'. म्हणजे उत्तरही त्यानेच भरून ठेवलेलं असतं. बहुतेक सगळे तंत्रज्ञ सुरुवातीलाच 'वाय' असं एकदाच सांगून चहाला जातात. मीही तेच करणार होतो.

"थांबा," साहेब म्हणाले. "प्रत्येक क्वेरी वाचून दाखवा. न बघता एन्ट्री पास करायची नाही."

पहिली फेरी. अमुक नंबरचा आयनोड, म्हणजे फाईलीची नोंद, पुसलेला आहे, पण पुसल्याची वेळ शून्य आहे.

"म्हणजे?"

"फाईल डिलीट झालीय, पण कधी झाली त्याची नोंद नाही."

"मृत्यूचा दाखला, तारीख नाही." साहेबांनी कागदावर हिरव्या शाईने टिपलं. "दुरुस्त करा म्हणावं."

मग एक ब्लॉक निघाला ज्यावर दोन फाईली एकाच वेळी हक्क सांगत होत्या. एफएसचेक यासाठी वेगळ्या पोटफेऱ्या काढतो आणि विचारतो, दोघांनाही एकेक प्रत करून देऊ का?

साहेब उठून उभेच राहिले. "अहो, एकाच पावतीवर दोघांनी खर्च दाखवलाय आणि हा दोघांनाही मंजूर करतोय? यातला एक खोटा असणार!"

"असणारच. पण कोणता ते याला कळत नाही."

"मग डिसअलाऊ करायला पाहिजे."

मी 'वाय' दाबलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या फेरीत डिरेक्टऱ्या, तिसऱ्या फेरीत त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का ते. इथे एका फोल्डरपाशी तो म्हणाला की हा कुठूनच जोडलेला नाही, पूर्वी कुठे होता माहीत नाही, आणि पत्त्याच्या जागी तीन प्रश्नचिन्हं टाकली. 'लॉस्ट+फाउंड'मध्ये टाकू का?

"ते काय?"

"ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही त्या फाईली तिथे जमा होतात."

"सस्पेन्स अकाउंट!" साहेब आनंदाने ओरडले. बाहेरचे आर्टिकल दचकले.

त्यानंतर मला समजावून सांगायची गरजच उरली नाही. चौथ्या फेरीत एका फाईलची नोंद दोन ठिकाणी असल्याचं लिहिलेलं, प्रत्यक्षात एकाच ठिकाणी. साहेब म्हणाले, रिकन्सिलिएशन, दाबा. पाचव्या फेरीत रिकामे ब्लॉक वहीत एवढे, मोजले तर तेवढे. साहेब म्हणाले, फिजिकल स्टॉक धरायचा, दाबा. मी त्यांना सांगितलं की मूळचा एफएसचेक बेल लॅब्समधल्या कोवाल्स्कीने लिहिला, आणि त्याच्या आधीच्या युनिक्समध्ये ब्लॉक तपासायला आयचेक आणि डिरेक्टऱ्या तपासायला डीचेक असे वेगवेगळे प्रोग्रॅम होते. त्यावर त्यांनी, "म्हणजे पूर्वी खातं एक आणि ऑडिटर दोन. फी किती गेली असेल!" असा शेरा मारला. मला आजवर भेटलेल्या कुठल्याही इंजिनियरपेक्षा त्या माणसाला ते लवकर कळलं, हे खेदाने नमूद करतो.

पण प्रश्न संपेनात. आयनोडमागून आयनोड. लागोपाठ पुष्कळदा 'वाय' म्हटलं की एफएसचेकलाही दया येते आणि तो हळूच सुचवतो की 'ए' दाबलंत तर पुढचं सगळं हो धरीन. पहिल्यांदा ते आलं तेव्हा साहेबांनी करड्या आवाजात नाही म्हटलं. आठ वाजून गेल्यावर, बाहेर रिक्षा मिळेनाशा झाल्यावर आणि घरून तिसरा फोन आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सॅम्पल चेकिंग पुरेसं झालंय असं माझं मत आहे," ते म्हणाले. "ए दाबा."

शेवटी पडद्यावर चांदण्यांच्या रांगेत आलं, फाइल सिस्टिममध्ये बदल करण्यात आले आहेत. साहेबांनी विचारलं, याच्यावर सही कोणाची? मी म्हटलं, कोणाचीच नाही. ते त्यांना पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही.

बहुतेक डेटा जागच्या जागी परत आला. उरलेला सस्पेन्समध्ये, म्हणजे लॉस्ट+फाउंडमध्ये, नावाच्या जागी # आणि पुढे आकडा. फोल्डर असेल तर त्याचं स्वतःचं नाव जातं, पण आतल्या फाईलींची नावं शाबूत राहतात. यामुळे हायसं वाटायचं, पण टॅली आपल्या कंपन्यांच्या फोल्डरांना मुळातच १०००१, १०००२ अशी नावं देते, आणि आतल्या फाईलींची नावं सगळ्या कंपन्यांत तीच ती. म्हणजे किराणा दुकान कोणतं आणि दंतवैद्य कोणता हे उघडून बघितल्याशिवाय कळायचं नाही. आर्टिकल मंडळी रात्री उशिरापर्यंत एकेक फोल्डर टॅलीला दाखवत होती. काही उघडले, काहींना टॅलीचं रीराइट करून उठवावं लागलं.

सुट्या फाईलींची चैनच होती. #३९३२१७२ उघडली तर साहेबांच्या भाच्याचा बायोडेटा, उंची पाच फूट सात इंच, अपेक्षा शिकलेली आणि घरगुती. पुढची उघडली तर सोसायटीच्या पार्किंगबद्दल साहेबांनी चेअरमनला लिहिलेलं, बहुधा कधीच न पाठवलेलं चार पानी पत्र. अशिलांचे ताळेबंद जिथे हवेत तिथे नाहीत, पण 'वर्गणी २०११ फायनल खरी' मात्र एका बाइटचंही नुकसान न होता परत आली. डिस्कचे सेक्टर गेले तेही निवडून गेले असावेत.

"ही सगळी टाकून देऊ?" मी विचारलं.

"सस्पेन्स असा उडवता येत नाही," साहेब म्हणाले. "एकेक एन्ट्री शोधून योग्य खात्यात वर्ग करायची. मार्चअखेर शून्य दिसला पाहिजे." आणि ते काम त्यांनी माझ्या नावावर टाकलं.

तारीख त्या वर्षी वाढली की नाही हे सांगण्यात अर्थ नाही, आर्टिकल मंडळींनी ती वाढणार नाही असं धरून काम उरकलं होतं. मी बिल दिलं. त्यावर टीडीएस कापायचा का, याची चर्चा तासभर रंगली. 'वाय' दाबणं ही व्यावसायिक सेवा धरली तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या १९४-जे कलमाखाली १० टक्के, तांत्रिक सेवा धरली तर २, आणि नुसतं दुरुस्तीचं कंत्राट धरलं तर १९४-सीखाली १. एक आर्टिकल तांत्रिकच्या बाजूने हिरिरीने बोलली. साहेबांचं म्हणणं, बुद्धी माझी वापरली गेली, याने फक्त बटण दाबलं, सबब कंत्राट. बिल एवढं लहान होतं की कुठल्याही कलमाखाली टीडीएस लागतच नव्हता, हे सगळ्यांना सुरुवातीपासून माहीत होतं.

पैसे एनईएफटीने आले. व्हाउचर मी नंतर पाहिलं. रिपेअर्स अँड मेंटेनन्स खाती नावे टाकलेलं आणि खाली हिरव्या शाईत नॅरेशन, 'सर्व्हरचे वाय दाबण्याबद्दल, साहेबांच्या देखरेखीखाली'.