बॉनेटला भोकं पाडू इच्छिणाऱ्या सज्जनांस

इंजिन थंड राहील, पॉवर वाढेल म्हणून गाडीचं मूळ बॉनेट उतरवून भोकांचं बसवायचं असं तुम्ही ठरवलंच असेल, तर आधी अभिनंदन. कंपनीने ते सपाट ठेवलं तो निव्वळ कद्रूपणा. विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या चाचणी-बोगद्यात, गाडी ठेवून अभियंत्यांनी काय काय तपासलं असेल ते असो, त्यांना तुमच्याइतकी हौस नव्हती.

व्हेंट, म्हणजे ही भोकं, कुठे असावेत याचा फार विचार करू नका. जिथे शोभतील तिथे. समोरच्या काचेला लागून दोन मोठाल्या खाचा घ्या, गाडीचा चेहरा कसा रागीट दिसतो! गाडी वेगात असताना वारा काचेवर आपटून नेमका तिथेच तुंबतो आणि दाब वाढतो, ही बाब गौण. बाहेर दाब जास्त असला की आतली गरम हवा बाहेर पडत नाही, उलट बाहेरचीच आत घुसते. म्हणून तर केबिनसाठी ताजी हवा घेणारी जाळी काचेच्या पायथ्याशी असते. म्हणून तर १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल या अमेरिकी गाडीला बॉनेटच्या मागच्या टोकाला झडप मिळत असे, तीही इंजिनाला हवा पाजायला. पण तुमच्या खोक्यावर 'हीट एक्स्ट्रॅक्टर', म्हणजे उष्णता बाहेर काढणारा, असं छापलंय ना? मग झालं. हवेला वाचता येतं.

ज्यांना एवढाही खर्च नको, त्यांनी मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून फट ठेवावी. इंजिनाचा धूर केबिनमध्ये फुकट मिळतो.

पॉवर किती वाढते असं कोणी विचारलं, तर 'फरक जाणवतो' एवढंच म्हणा. आकड्यांत शिरू नका, कारण आकडे खवचट असतात. समोरून हवा गिळणारा स्कूप लावलात, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा जास्तीत जास्त दाब भरतो सुमारे ४६० पास्कल. वातावरणाचा दाब असतो १,०१,३२५ पास्कल. म्हणजे वाढ अर्ध्या टक्क्याहूनही कमी. १०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला अर्धा घोडा, तोही सगळं मनासारखं जुळलं तर. वेग निम्मा केला की हा दाब चौथाईवर येतो, म्हणजे सिग्नल ते सिग्नल गाडी हाकताना त्या घोड्याची शेपटीही हाती लागत नाही.

गार हवा म्हणजे जास्त पॉवर, हे मात्र खरं आहे. आत ओढलेली हवा साधारण ३ अंशांनी गार झाली की ती सुमारे एक टक्का दाट होते. अडचण इतकीच, की बहुतेक गाड्यांच्या एअर फिल्टरची सोंड आधीच हेडलाइटच्या बाजूला किंवा ग्रिलच्या मागे, बाहेरच्या हवेत तोंड घालून बसलेली असते. बॉनेटखालची गरम हवा ती पितच नाही. पण हे तुमच्या ग्रुपवर बोलू नका, काढून टाकतील.

बॉनेट घट्ट धरून ठेवणाऱ्या जादा पिनांवरही पैसे घालवू नका. हलक्या बॉनेटचं लॅच तकलादू निघालं, तर ते स्वतःच उघडून काचेवर येतं आणि सगळी गरम हवा एकदम बाहेर पडते.

आता पावसाबद्दल. गेल्याच आठवड्यात एका स्नेह्याने आग्रहाने गाडीत बसवलं. नवं बॉनेट, कार्बन फायबरचं, इंजिनाच्या बरोब्बर डोक्यावर दोन लांबलचक चिरा. 'आता इंजिन श्वास घेतं,' हे त्याने रस्ताभर ऐकवलं. मग पाऊस आला, इंजिनाने श्वास घेतला आणि त्याला ठसका लागला. पाणी थेट इग्निशन कॉइलवर, तिथून स्पार्क प्लगच्या खोबणीत. गाडी आचके देत देत बंद. पठ्ठ्या शांतपणे उतरला, डिकीतून प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी काढली आणि बॉनेट उघडून आतल्या बाजूने भोकं बुजवायला लागला. 'पावसाळ्यात बंदच ठेवायचे असतात रे,' म्हणाला. म्हणजे पैसे देऊन भोकं पाडायची आणि मग चिकटपट्टीने बुजवायची! छत्री मी धरायची, गाडीही मीच ढकलायची, आणि वर हा मला सांगणार की रेसिंगच्या गाड्यांनाही असेच व्हेंट असतात! अरे, रेसिंगच्या गाडीची दर शर्यतीनंतर तपासणी होते, तुझ्या गाडीचा एअर फिल्टर बदलून किती काळ लोटला ते तरी आठवतंय का? फोर्डच्या २०२० च्या शेल्बी जीटी ५०० ला बॉनेटवर भलामोठा व्हेंट आहे, पण त्याखाली पाऊस अडवायला वेगळा ट्रे दिलाय, रस्त्यावर ठेवा, ट्रॅकवर काढा. गाडी बनवणाऱ्यांना पाऊस ठाऊक असतो. तुमच्या बॉनेटवाल्याला फक्त फोटो ठाऊक असतो.

असो. रागावून उपयोग नाही, हा सल्ल्यांचा लेख आहे.

ज्यांना भोकंही नकोत, नुसता भास हवा, त्यांच्यासाठी चिकटवायचे प्लास्टिकचे व्हेंट मिळतात. मला विचाराल तर यातले सर्वांत सभ्य लोक हेच. काही होत नाही, पण काही बिघडतही नाही.

इंजिन थंड राहतं, हा शेवटचा हुकमी मुद्दा. इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट ठरवतो, तुम्ही नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, साधारण ८० ते ९० अंशांना पोचलं की तो उघडतो, गार झालं की मिटतो. तुम्ही बॉनेटखाली बर्फाची लादी ठेवलीत तरी तो आणखी मिटून घेईल आणि इंजिन जवळपास तिथल्या तिथेच. गाडी उभी असताना गरम हवा वर जाऊन व्हेंटमधून निघते, हे कबूल. बंद केल्यावर बॉनेटखालचा भाग लवकर निवतो, हेही कबूल. पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी तेवढी मस्त चालते म्हणायची.

पुरे झालं सोंग. व्हेंटचा उपयोग होतो, नक्की होतो. रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात, जिथे वारा वळसा घेतो आणि दाब खाली येतो, तिथे काढलेलं भोक गरम हवा खरोखर ओढून घेतं. रेडिएटरमधून जास्त हवा वाहते आणि पुढची चाकं वेगात हलकी पडणंही कमी होतं. होंडाच्या २०२२ च्या सिव्हिक टाइप आरला व्हेंट आहे तो याचसाठी. सुबारू डब्ल्यूआरएक्सचा स्कूप खालच्या इंटरकूलरला, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीला, हवा देतो, तेही काम खरं. ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या, पाय अॅक्सिलरेटरवर दाबलेला, तिथे हे सगळं लागतं. तुम्ही तिथे जाता का? मग कापण्याआधी बॉनेटवर लोकरीचे धागे चिकटवा, कोणाला तरी शेजारून गाडी चालवायला सांगून ते कसे हलतात ते पाहा, दाब मोजायचं साधं मीटर लावा. एवढं करायचा कंटाळा असेल, तर 'एरोडायनॅमिक्स' हा शब्द तोंडातून काढू नका. दिसायला आवडतं म्हणून लावलं असं सरळ सांगा, कोण अडवतंय?

आणि गाडी तापते म्हणून हे करत असाल, तर ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी आहे. रेडिएटरच्या पात्यांत अडकलेला चिखल आणि मेलेले किडे धुऊन काढा. फॅन फिरतो का, त्याचा रिले, म्हणजे विजेचा स्विच, जळालाय का ते पाहा. कूलंट म्हणून नळाचं पाणी ओतताय, ते आजच्या आज थांबवा. एवढं करूनही काटा वर गेला तर मेकॅनिककडे जा, बॉडीवाल्याकडे नको.