आई झाली म्हणजे खेळ संपला, हे कोणी ठरवलं?

परत तो मेसेज फिरायला लागलाय. तुमच्याकडेही आला असेल, वर 'कटू सत्य' आणि खाली पाच मुद्दे. थोडक्यात म्हणणं असं: बाळंतपणानंतर शरीर पहिल्यासारखं होत नाही त्यामुळे टॉप लेव्हलला खेळणं अशक्य; ज्या परतल्या त्या अपवाद आणि गडगंज; न खेळणाऱ्या बाईला स्पॉन्सरने पैसे का द्यावेत; पुरुष खेळाडूंनाही मुलं असतात, ते रडत बसतात का; आणि दीड-दोन वर्षं वाया गेली की खेळ पुढे निघून जातो. म्हणून 'एक काय ते निवडा'. मी आधी दुर्लक्ष करणार होते, पण काल रोज सकाळी पळायला जाणाऱ्या एका चांगल्या शिकलेल्या माणसाने तो मला पाठवला, खाली 'पटतंय ना?' असं लिहून. नाही पटत.

शरीराचं आधी घेते, कारण यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच तो मुद्दा इतका खपतो. पोटाचे स्नायू ताणले जातात, सांधे सैल पडतात, पेल्विक फ्लोअरची, म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय पेलून धरणाऱ्या खालच्या स्नायूंची, वाट लागते, सिझेरियन असेल तर पोटावरचा कापलेला भाग भरून यायला वेळ जातो. बाळंतपणानंतर पळायला सुरुवात करायची तर निदान १२ आठवडे थांबा असं फिजिओ सांगतात, आणि ती फक्त सुरुवात. मी स्वतः पहिल्यांदा जॉगिंगला गेले तेव्हा दोनशे मीटरवरच कळलं की आता साधी शिंक आली तरी रिस्क आहे, असो. पण 'वेळ लागतो' आणि 'अशक्य आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की खेळाडू नऊ महिने ते वर्षभर बाहेर असतो, ऑपरेशन, रिहॅब, परत शून्यापासून सगळं. त्याला कोणी 'निवड आता, गुडघा की करिअर' असं विचारत नाही.

आणि अशक्य म्हणता तर मग हे काय आहे? जमैकाची धावपटू शेली-अॅन फ्रेझर-प्राइस, तिचा १०० मीटरचा बेस्ट टाइम बाळाच्या आधी १०.७० होता. मुलगा झाला ऑगस्ट २०१७ मध्ये, २०१९ ला दोहात ती १०.७१ पळून वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि २०२१ मध्ये १०.६० पळाली, म्हणजे आई झाल्यावर आधीपेक्षा फास्ट. केनियाची फेथ किपयेगॉन, मुलगी २०१८ ची. त्याआधी १५०० मीटरला तिचा बेस्ट ३ मिनिटं ५६ सेकंदांच्या थोडा वर होता, २०२५ मध्ये ती ३:४८.६८ पळाली, वर्ल्ड रेकॉर्ड. आता इथे थांबून एक सांगायला हवं, कारण आपल्या बाजूचे लोकही कमी फेकत नाहीत. 'आई झालं की बाईची ताकद दुप्पट होते' हाही तसलाच फॉरवर्ड आहे. त्या वर्षांत स्पाइक्स (पळायचे खिळ्यांचे बूट) बदलले, ट्रेनिंग बदललं, या दोघी मुळातच असामान्य आहेत. तेव्हा बाळामुळे वेग वाढला असं मी म्हणत नाहीये, बाळामुळे वेग संपला नाही एवढंच म्हणतेय, आणि 'अशक्य' खोडायला तेवढं पुरतं.

आता अपवाद आणि गडगंज. अपवाद म्हणाल तर यादी जरा जास्तच लांब होतेय. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डच धावपटू फॅनी ब्लँकर्स-कोएनने चार गोल्ड घेतली, वय ३०, घरी दोन मुलं, आणि पेपरांनी तिला नाव काय दिलं तर 'उडती गृहिणी' (तेव्हाही हेडलाइनवाले असलेच होते). बेल्जियमची टेनिसपटू किम क्लायस्टर्स हिला फेब्रुवारी २००८ मध्ये मुलगी झाली आणि २००९ ला वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी रँकिंग न बघता दिलेल्या प्रवेशावर) येऊन तिने यूएस ओपन जिंकलं. मेरी कोमला २००७ मध्ये जुळी झाली, सिझेरियन, पुढच्याच वर्षी चौथं वर्ल्ड टायटल, २०१२ ला ऑलिंपिक ब्राँझ, २०१८ ला सहावं वर्ल्ड टायटल. सानिया मिर्झाने मुलगा सव्वा वर्षाचा असताना होबार्टला डबल्स जिंकलं. टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं नाव मी मुद्दाम वेगळं घेते, कारण बाळंतपणानंतर तिच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, तरी नंतर ती चार ग्रँड स्लॅम फायनल्सपर्यंत गेली आणि चारही हरली. हे लपवायचं कशाला? पण फायनल हरणं म्हणजे करिअर संपणं असेल तर मग निम्म्याहून जास्त टेनिसपटूंची करिअर्स सुरूच झाली नाहीत म्हणायची.

'पैसेवाल्याच परततात' यात मात्र तथ्य आहे, आणि मला खरा राग इथेच येतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याने उत्तर हातात धरलंय आणि त्यालाच ते दिसत नाहीये. बाळ सांभाळायला बाई, फिजिओ, बाळाला घेऊन प्रवास, हे सगळं जिला विकत घेता येतं तिला परतणं सोपं जातं. म्हणजे अडतंय कुठे? गर्भाशयात नाही, पैशात आणि नियमांत अडतंय. आणि नियम माणसंच बनवतात, बदलतातही.

हाच धागा तिसऱ्या मुद्द्याला लागतो. 'खेळत नाही तर पैसे कसले?' अॅलिसन फीलिक्स, अमेरिकन धावपटू, तेव्हाच सहा ऑलिंपिक गोल्ड नावावर. २०१८ मध्ये ३२ व्या आठवड्यात तातडीने सिझेरियन करावं लागलं, प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढणं, जिवावरचं. त्याच काळात तिच्या स्पॉन्सरशी, नायकीशी, करार नव्याने करायचा होता, आणि तिने नंतर जाहीरपणे लिहिलं त्यानुसार कंपनीची ऑफर आधीच्यापेक्षा ७० टक्के कमी होती. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत परफॉर्मन्स घसरला तर पैसे कापणार नाही एवढं लेखी द्या म्हणाली, तेही मिळेना. तिने २०१९ मध्ये उघड लिहिलं, गदारोळ झाला आणि काही महिन्यांत कंपनीने पॉलिसी बदलली, गरोदरपण आणि त्यानंतरचा काळ धरून १८ महिने पैसे कापायचे नाहीत अशी. कंपनी बुडाली का? अॅलिसन तोवर दुसऱ्या कंपनीकडे गेली होती, आणि टोकियोत स्वतःच्या ब्रँडचे स्पाइक्स घालून ४०० मीटरला ब्राँझ आणि रिलेला गोल्ड घेऊन आली.

फुटबॉलमध्येही तेच. जानेवारी २०२१ पासून फिफाचा नियम आहे, १४ आठवडे रजा आणि त्या काळात निदान दोन तृतीयांश पगार. तरी आइसलंडच्या सारा ब्यॉर्क गुनार्सदोत्तिरला फ्रान्सच्या लिऑन क्लबने गरोदरपणात पूर्ण पगार दिला नाही, ती फिफाच्या न्यायाधिकरणाकडे गेली आणि ८२ हजार युरोंहून जास्त रक्कम मिळवली. दान नाही मागितलं तिने, करारातले पैसे मागितले. पाय मोडलेल्या खेळाडूला पगार मिळतो तेव्हा 'खेळत नाही तर पैसे कसले' हा प्रश्न कुठे जातो कोण जाणे.

पुरुषांचा मुद्दा, यावर फार वेळ घालवत नाही. टेनिसपटू फेडररला चार मुलं आहेत, दोनदा जुळी. चौघांचा बाप असताना तो ग्रँड स्लॅम जिंकला तेव्हा 'शरीर साथ देईल का, दूध कोण पाजणार' असं कोणी विचारलं? कारण बाळंतपणासाठी त्याला महिनोन्‌महिने बाहेर बसावं लागलं नाही. टोकियो ऑलिंपिकला कॅनडाची बास्केटबॉलपटू किम गॉशर हिला तीन महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ बरोबर न्यायला आधी परवानगी नव्हती, तिने व्हिडिओ टाकून आरडाओरडा केला तेव्हा नियम बदलला. तीनच वर्षांनी पॅरिसच्या क्रीडाग्रामात चक्क नर्सरी होती. जागा तेव्हाही असणारच, विचारलं कोणी नव्हतं इतकंच.

राहिलं वाया गेलेल्या वर्षांचं. रँकिंग घसरतं हे खरं, सेरेना रजेवर गेली तेव्हा टॉपला होती आणि २०१८ ला फ्रेंच ओपनमध्ये तिला सीडिंगच (रँकिंगवरून मिळणारं मानांकन) नव्हतं. त्यावर बोंबाबोंब झाली, महिला टेनिसची संघटना डब्ल्यूटीएने नियम सुधारले, परतणाऱ्या आईला जुन्या रँकिंगच्या जोरावर स्पर्धेत उतरायला तीन वर्षांची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून बाळंतपणाच्या रजेत पैसे द्यायला फंडही आहे, जास्तीत जास्त १२ महिने. टेनिसमध्ये पगार नावाची गोष्टच नसते हे लक्षात घेतलं तर ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा.

आणि 'वाया' म्हणजे नक्की काय हो? जर्मनीची टेनिसपटू तात्याना मारिया पहिल्या बाळंतपणाच्या ब्रेकमध्ये बॅकहँड बदलून बसली, दोन हातांचा होता तो एका हाताचा केला, जे करायची हिंमत टूर चालू असताना कोणी करत नाही कारण दर आठवड्याला हरायला लागेल. मग दुसरी मुलगी झाली, त्यानंतर २०२२ ला विम्बल्डनची सेमीफायनल, आणि २०२५ मध्ये ३७ व्या वर्षी लंडनला क्वीन्स स्पर्धेचं टायटल, त्याच एका हाताच्या बॅकहँडने. पळायला जाणाऱ्या त्या गृहस्थांना मी उत्तर म्हणून तिच्या फायनलची क्लिप पाठवलीय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.